ग्राम्य आणि अश्लील : दादा कोंडके यांच्या विनोदाचा भाषिक विचार

दादा कोंडके यांच्या चित्रपटांविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्यात दोन विशेषणे नेहमी जोडीने वावरताना आढळतात : ग्राम्य आणि अश्लील. ही जोडी इतकी रूढ झाली आहे की, यांतील एक शब्द उच्चारला असता दुसरा आपोआप ओठांवर येतो, आणि एक सिद्ध झाला की दुसरा सिद्ध करण्याची गरज कोणास वाटत नाही. वस्तुतः आपल्या प्राचीन साहित्यशास्त्राने हे दोन दोष एकमेकांपासून कटाक्षाने वेगळे ठेवले होते. मम्मटाने काव्यप्रकाशाच्या सातव्या उल्लासात पददोषांची गणना करताना ग्राम्य हा एक दोष सांगितला आणि अश्लील हा दुसरा. अश्लीलाचे त्याने तीन प्रकार मानले : लज्जा उत्पन्न करणारे, जुगुप्सा उत्पन्न करणारे आणि अमंगल सुचविणारे. ग्राम्य म्हणजे मात्र जो शब्द विदग्ध जनांच्या तोंडी नसून केवळ सामान्य लोकांच्या व्यवहारात आहे तो. पहिल्या दोषाचा निकष अर्थ आहे, तर दुसऱ्याचा निकष बोलणारा समाज आहे. मम्मटाने ग्राम्याचे उदाहरण म्हणून दिलेला शब्द पाहिला तर या निकषाची सापेक्षता चटकन ध्यानात येते. तो शब्द आहे 'कटि'. मराठीत हाच शब्द विठ्ठलाच्या वर्णनात शतकानुशतके नांदतो आहे आणि त्यात ग्राम्य असे काही आहे, हे आज कोणास सांगूनही पटणार नाही.

हा भेद लक्षात ठेवून कोंडके यांची कारकीर्द पाहिली तर काय दिसते, हे तपासण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यांच्यावर अन्याय झाला, एवढेच मला म्हणावयाचे नाही. त्यांच्या ग्राम्यतेला आपण दोष मानले ही आपली चूक झाली. पण ग्राम्य आणि अश्लील यांची मोट बांधल्यामुळे त्यांच्या उत्तरकाळातील खरा दोष कोठे आहे, हेही आपणांस नीट सांगता आले नाही, ही दुसरी आणि माझ्या मते अधिक गंभीर चूक होय.

कृष्णा कोंडके यांचा जन्म 8 ऑगस्ट 1932 रोजी मुंबईतील नायगाव येथे झाला. घराणे मूळचे भोरजवळच्या इंगवलीचे, आणि संसार गिरणगावातला. बँडपथक, राष्ट्र सेवा दलाचे कलापथक, 'अपना बाजार'मधील नोकरी, पुढे स्वतःचे नाट्यपथक असा त्यांचा आरंभीचा प्रवास आहे. चरित्राचा हा भाग त्यांच्या 'एकटा जीव' या आत्मकथनाच्या वाचकांस परिचित आहे, म्हणून त्याचा विस्तार येथे करीत नाही. परंतु भाषेच्या अभ्यासकाने थांबावे असे एक स्थळ त्यात आहे. ज्यांची बोली आपण 'अस्सल गावरान' म्हणून ओळखतो ते कोंडके जन्माने आणि वाढीने मुंबईकर होते. गिरणगावातील चाळींत सातारा, पुणे आणि कोकण या भागांतून आलेली कुटुंबे भिंतीला भिंत लावून राहत होती. अशा ठिकाणी बोलींची सरमिसळ होते. प्रत्येक बोलीची टोके झिजतात आणि कोणत्याही एका गावाची नसलेली, पण सगळ्यांना आपल्या गावाची वाटणारी अशी एक मधली बोली तयार होते. कोंडके यांच्या पडद्यावरील भाषेत 'ह्यो', 'त्यो', 'मंदी', 'आये' ही देशावरची रूपे आहेत, 'ण'च्या जागी 'न' आहे, 'एक'चे 'येक' आहे. परंतु ही भाषा एखाद्या विवक्षित तालुक्याची म्हणून दाखविता येणार नाही. सोलापूरच्या आणि नाशिकच्या प्रेक्षकाला ती सारखीच जवळची वाटली याचे कारण मला येथे दिसते. भोरची शुद्ध बोली बोलणारा नट एवढ्या विस्तृत प्रदेशात असा सर्वांचा झाला असता की नाही, याची मला शंका आहे.

वसंत सबनीस यांनी लिहिलेले 'विच्छा माझी पुरी करा' हे लोकनाट्य 1965 साली रंगभूमीवर आले आणि त्याचे दीड हजारांहून अधिक प्रयोग झाले. या लोकनाट्याच्या नावातील पहिला शब्द मोठा बोलका आहे. 'इच्छा' या शब्दाला आरंभी 'व' का लागावा? देशावरच्या बोलीत आद्य 'वि'मधील 'व' सामान्यतः गळतो : विठोबाचा इठोबा होतो, विस्तवाचा इस्तू होतो, विंचवाचा इंचू होतो. ज्याला शहाण्यासारखे बोलावयाचे आहे अशा माणसाला ठाऊक असते की, आपण जेथे 'इ' म्हणतो तेथे शिकलेले लोक 'वि' म्हणतात. तो हा नियम पाठ करतो आणि जेथे 'व' मुळात नव्हताच तेथेही तो आणून बसवितो. इठोबाचा विठोबा केला, तसा इच्छेची विच्छा! भाषाशास्त्रात या व्यापारास अतिशुद्धी म्हणता येईल. माझी ही उपपत्ती बरोबर असेल तर हा केवळ अडाणी उच्चार ठरत नाही. प्रतिष्ठितांच्या भाषेकडे झेप घेणाऱ्या माणसाचा तोल जातो, त्या क्षणाचा तो उच्चार आहे. पुढे कोंडके यांनी जी माणसे पडद्यावर उभी केली त्यांचा सारा स्वभाव या एका 'व'मध्ये सामावलेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या वगात कोंडके हवालदाराची भूमिका करीत. नेमलेल्या संहितेच्या बाहेर जाऊन त्या त्या दिवसाच्या राजकारणावर ते हजरजबाबी टोले हाणीत, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. परंतु ही मोकळीक त्यांनी शोधून काढलेली नव्हती. गण, गवळण, बतावणी आणि वग हा तमाशाचा जो क्रम आहे त्यातील बतावणी म्हणजे सोंगाड्याचे हक्काचे रान. तेथे दोघांचे संभाषण चालते. एकाने एका अर्थाने वापरलेला शब्द दुसरा दुसऱ्याच अर्थाने उचलतो आणि संभाषणाची गाडी भलत्याच रस्त्याला लागते. अलंकारशास्त्रात यालाच श्लेष-वक्रोक्ती हे भारदस्त नाव आहे. संस्कृत नाटकात शिव-पार्वतीच्या संवादात ती आली म्हणजे आपण तिला चातुर्य म्हणतो, फडाच्या बोर्डावर आली म्हणजे चावटपणा म्हणतो. असो.

या वगाच्या प्रयोगांतून कोंडके यांचे नाव आशा भोसले यांच्यामार्फत भालजी पेंढारकर यांच्यापर्यंत पोहोचले आणि 'तांबडी माती' (1969) या चित्रपटात त्यांना काम मिळाले. हा चित्रपट त्या वर्षीचा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपट ठरला. मात्र कोंडके यांच्या दृष्टीने तो केवळ उंबरठा होता. घर त्यांनी स्वतः बांधले, ते 'सोंगाड्या' (1971) या चित्रपटाने. निर्मिती कोंडके यांची, लेखन सबनीसांचे, दिग्दर्शन गोविंद कुलकर्णी यांचे. दादरच्या कोहिनूर चित्रपटगृहात हा चित्रपट लावण्यावरून जो वाद झाला आणि त्यात बाळासाहेब ठाकरे यांनी जो हस्तक्षेप केला, त्याची कथा अनेकदा सांगितली गेली आहे. ती रंजक आहे, परंतु तिच्या गोंगाटात चित्रपटाकडे पाहावयाचे राहून जाते.

'सोंगाड्या'चा नायक नाम्या हा आईच्या धाकात वाढलेला, वयाने थोराड आणि समजुतीने पोर असलेला तरुण आहे. गुडघ्यापर्यंतची ढगळ चड्डी, तिचा लोंबणारा नाडा, आणि प्रत्येक संकटात तोंडून निघणारी 'आये' ही हाक. तो तमाशाच्या नादी लागतो, आई त्याला घराबाहेर काढते, आणि ज्या फडाने त्याला घरापासून तोडले त्याच फडात तो सोंगाड्या होतो. रत्नमाला यांनी केलेली आई आणि उषा चव्हाण यांनी केलेली कलावती यांच्यामध्ये हा भोळा जीव सापडलेला आहे.

आता या चित्रपटातील द्व्यर्थी संवाद कसे घडतात ते पाहावे. नाम्या एखादे वाक्य बोलतो. त्याच्या दृष्टीने त्या वाक्याला एकच अर्थ आहे, सरळ, घरगुती, बहुधा शेतीभातीतला किंवा खाण्यापिण्यातला. समोरच्या कलावतीला दुसरा अर्थ दिसतो. प्रेक्षकालाही दिसतो. फक्त बोलणाऱ्याला दिसत नाही. म्हणजे दुसरा अर्थ पात्राच्या डोक्यावरून, त्याला नकळत, लेखकाकडून प्रेक्षकाकडे जातो. या व्यवहारात तीन पक्ष आहेत : जाणणारा लेखक, जाणणारा प्रेक्षक आणि न जाणणारा वक्ता. हसू येते ते या तिसऱ्यामुळे. आणि हसता हसता प्रेक्षकाला एक गोष्ट चुटपुट लावून जाते की, या वाक्यात पाप होते ते बोलणाऱ्याच्या मनात नव्हते, आपल्या मनात होते. अशा वाक्याला अश्लील म्हणावयाचे तर अश्लीलता नेमकी कोणाच्या पदरात टाकावयाची, हा प्रश्न चित्रपट आपल्यापुढे हसत हसत ठेवतो. हे साधे काम नव्हे. ही निरागसता अर्थातच रचलेली आहे, याची जाणीव मला आहे. नाम्याला काही कळत नसले तरी कोंडके यांना सर्व कळत होते. परंतु कलेत रचलेल्या निरागसतेस खोटी म्हणण्याचे कारण नाही.

येथे स्त्री कोठे उभी आहे, हेही पाहिले पाहिजे. शृंगारिक विनोदात सामान्यतः पुरुष जाणता असतो आणि स्त्री लाजणारी, म्हणजे विनोदाचे लक्ष्य असते. 'सोंगाड्या'मध्ये ही मांडणी उलटी झाली आहे. जाणती आहे ती कलावती आणि अजाण आहे तो पुरुष. तिला सर्व समजते आणि म्हणूनच परिस्थितीची सूत्रे तिच्या हाती राहतात. 'पांडू हवालदार' (1975) या चित्रपटातील केळी विकणारी पारू हिची जातकुळी हीच. रस्त्यावर माल मांडणारी बाई आणि रस्ता मोकळा करणारा शिपाई यांचे नाते काय असते हे मुंबईत राहणाऱ्यास सांगावयास नको. पण येथे गणवेश ज्याच्या अंगावर आहे त्याला जग कळत नाही आणि टोपली जिच्या पुढे आहे तिला ते पुरते कळते.

'पांडू हवालदार' हा कोंडके यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट. दहा वर्षांपूर्वी वगात केलेला हवालदार त्यांनी येथे शहरात आणला, आणि अशोक सराफ यांच्यासारखा तोडीस तोड नट स्वतःसमोर उभा करण्याचे औदार्य दाखविले. विनोदी नट दिग्दर्शक झाला की सगळी वाक्ये आपल्याकडे ओढून घेतो, असा सर्वसाधारण अनुभव आहे. या चित्रपटाच्या पुरता तरी तो खोटा ठरला. राजा परांजपे यांच्या 'लाखाची गोष्ट' (1952) सारख्या चित्रपटांतील हास्यनायक पुणेरी मध्यमवर्गाची भाषा बोलत असे. 'सांगत्ये ऐका'पासून (1959) पुढील तमाशापटांत गावची भाषा आली खरी, परंतु ती पाटलाच्या जरबेसाठी आणि नर्तकीच्या ठसक्यासाठी. हसविणाऱ्या आणि तरीही ज्याच्या बाजूने आपण उभे राहतो अशा नायकाच्या तोंडी तीच भाषा अखेरपर्यंत ठेवणे, गणवेश चढविल्यावरही ती न सोडणे, हे कोंडके यांचे काम आहे. या भाषेला जे ग्राम्य म्हणून हिणवीत होते त्यांना मम्मटाचाच आधार नव्हता, कारण सामान्य पात्राच्या तोंडी ग्राम्य शब्द आला तर तो गुण होतो, अशी मुभा त्याने स्वतःच देऊन ठेवली आहे. अशा पात्राला तो 'अधम प्रकृती' म्हणतो, हा भाग वेगळा.

आता उत्तरकाळाकडे वळू. कोंडके यांच्या चित्रपटांची नावे कालक्रमाने मांडली तर त्यांच्या श्लेषाचा इतिहासच डोळ्यांपुढे उभा राहतो. 'सोंगाड्या', 'एकटा जीव सदाशिव' (1972), 'आंधळा मारतो डोळा' (1973), 'पांडू हवालदार', 'राम राम गंगाराम' (1977). येथे एक व्यवसायवाचक नाम आहे, एक म्हण आहे, एक विरोधाभास आहे, दोन व्यक्तिनामे आहेत. द्व्यर्थ कोठे नाही, किंवा असलाच तर डोळा मारण्यापुरता. 'बोट लावीन तिथं गुदगुल्या' (1978) पासून वळण बदलते. पुढे 'ह्योच नवरा पाहिजे' (1980), 'आली अंगावर' (1982), 'मुका घ्या मुका', 'येऊ का घरात' (1992), 'वाजवू का?' (1996). नामे गेली आणि क्रियापदे आली, आणि ती क्रियापदेही अशी की, ज्यांचा कर्ता किंवा कर्म जागेवर नाही.

मराठीत कर्ता व कर्म संदर्भाने समजत असतील तर ती गाळता येतात, आणि क्रियापद भूतकाळात लिंगानुसार बदलते. 'आली' एवढे म्हटले की कोणी तरी स्त्रीलिंगी आले हे कळते, कोण ते कळत नाही. एकदा वर्गात अध्याहाराचा पाठ शिकविताना मी 'आली अंगावर' हे दोन शब्द फळ्यावर लिहिले आणि विद्यार्थ्यांस कर्ता पुरविण्यास सांगितले. पहिले उत्तर आले 'जबाबदारी'. दुसरे 'लाट'. मागील बाकावरून एकाने 'म्हैस' म्हटले आणि वर्ग हसला. ज्या उत्तरासाठी सारे थांबले होते ते कोणीही दिले नाही, आणि तरी हसताना सर्वांच्या मनात तेच होते. कोंडके यांच्या नावांचे सारे यंत्र हे असे आहे. 'येऊ का घरात' हे वाक्य महाराष्ट्रातील प्रत्येक उंबऱ्यावर रोज उच्चारले जाते. कोशात पाहावे तर प्रत्येक शब्द सोवळा. सेन्सॉरने बोट ठेवावे तर कोणत्या अक्षरावर? जे वाक्यात लिहिलेलेच नाही ते कापता येत नाही. 'मुका घ्या मुका' हे यातील वेगळे उदाहरण. तेथे अध्याहार नाही; वाचा नसलेला तो 'मुका' आणि चुंबन या अर्थाचा 'मुका' असे दोन भिन्न शब्द उच्चाराने एक झाले आहेत. व्याकरणाच्या दृष्टीने हा अधिक सोपा, आणि मला वाटते, अधिक उथळ श्लेष होय.

या नावांची कारागिरी मला आवडते, हे मी लपवीत नाही. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी त्या पाठानंतर मला 'हे आता विद्यापीठात शिकवावयाचे काय?' असे विचारले होते. शिकवावयाचे, असेच माझे उत्तर आहे. अध्याहाराची इतकी चोख उदाहरणे व्याकरणाच्या पुस्तकांत मला आढळली नाहीत. परंतु नावाचे कौतुक करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. श्लेष जेव्हा पात्राच्या संवादातून निघून भित्तिपत्रकावर जातो तेव्हा त्यातील तिसरा पक्ष नाहीसा होतो. भित्तिपत्रकावरचे वाक्य कोणी भोळा मनुष्य बोलत नाही. ते निर्माता बोलतो आणि रस्त्यावरचा मनुष्य वाचतो. दोघेही जाणते. निरागस असे मध्ये कोणी उरत नाही.

आणि जे भित्तिपत्रकावर घडले तेच हळूहळू पडद्यावरही घडले. उत्तरकाळातील चित्रपटांत नायक दुसरा अर्थ जाणून बोलतो, बोलून प्रेक्षकांकडे पाहतो. 'सोंगाड्या'च्या वेळी कोंडके यांचे वय चाळिशीच्या आसपास होते आणि त्या वयातही नाम्याचे पोरपण पटत होते. 'वाजवू का?'च्या वेळी ते चौसष्ट वर्षांचे होते. चड्डी तीच, नाडा तोच. पण अजाणतेपणाला वयाची काही मर्यादा असते. साठीच्या माणसाला अमुक शब्दाचा दुसरा अर्थ ठाऊक नाही, हे प्रेक्षक मानीत नाही, आणि ज्या क्षणी तो मानेनासा होतो त्या क्षणी तेच वाक्य, एका अक्षराचाही बदल न होता, वेगळे होते. नायक जाणता झाला तेव्हा नायिकेच्या वाट्याला अजाणतेपण आले. कलावती आणि पारू यांच्या जागी आता ती स्त्री आहे, जिच्याविषयी विनोद केला जातो. विनोद ओळखण्याचा मान तिच्याकडून काढून घेतला गेला. मम्मटाने सांगितलेला लज्जाजनक अश्लीलाचा दोष मला येथे दिसतो. शब्द पूर्वीइतकेच सोवळे आहेत, किंबहुना अधिक. दोष शब्दांच्या वाटपात आहे. 'सोंगाड्या'च्या वेळीच अश्लील अश्लील म्हणून ओरडून ठेवल्यामुळे या ठिकाणी ओरडावयास टीकाकारांपाशी नवा शब्द उरला नाही.

हिंदीतील 'तेरे मेरे बीच में' (1984), 'अंधेरी रात में दिया तेरे हाथ में' (1986) इत्यादी चित्रपटांविषयी थोडक्यात सांगतो. 'दिया' हा दीपवाचक शब्द आणि 'देणे' या क्रियापदाचे भूतकाळी रूप यांवरील श्लेष व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु नाम्याची हिंदी कोणत्या गावची? मराठीत त्यांच्या मागे गिरणगावाची ती मधली बोली होती. प्रत्येक वाक्याला आई, उंबरा, शेत आणि फड यांचा वास होता. हिंदीत केवळ श्लेष उरला. कोंडके यांचा विनोद म्हणजे द्व्यर्थी शब्द, असे जे म्हणतात त्यांनी हे चित्रपट पाहावेत. केवळ द्व्यर्थी शब्द उरला म्हणजे कोंडके किती उरतात, हे तेथे दिसते.

सलग नऊ चित्रपटांनी रौप्यमहोत्सव साजरा केल्याची गिनेसच्या पुस्तकातील नोंद सर्वांना ठाऊक आहे. 14 मार्च 1998 रोजी कोंडके यांचे मुंबईत निधन झाले. मी त्यांना प्रत्यक्ष पाहिले नाही. माझ्या पिढीतील अनेकांप्रमाणे त्यांचा आवाज मी प्रथम ऐकला तो गावच्या जत्रेत, तंबूच्या कनातीबाहेरून, कारण आत जाण्यास घरची परवानगी नव्हती. चित्र न पाहता केवळ आवाज ऐकल्यामुळेच कदाचित पुढे मी त्यांच्याकडे भाषेच्या बाजूने वळलो असेन.

'सोंगाड्या' आणि 'पांडू हवालदार' यांतील संवादांचे उच्चारानुसारी लेखन मी सध्या करीत आहे. 'न' आणि 'ण', 'ये' आणि 'ए' यांची नोंद करणे कष्टाचे असले तरी अवघड नाही. अडचण वेगळीच आहे. दीड हजार प्रयोगांची सवय असलेला हा नट वाक्य संपल्यावर किंचित थांबतो. प्रेक्षकांचे हसू ओसरेपर्यंत थांबण्याची ही रंगभूमीवरची रीत त्याने कॅमेऱ्यासमोरही सोडलेली नाही. खोलीत एकटे बसून ध्वनिमुद्रण ऐकताना ही रिकामी जागा स्पष्ट ऐकू येते. तिची लांबी वाक्यागणिक बदलते, आणि ती कोणत्या चिन्हाने दाखवावी हे माझे अद्याप ठरलेले नाही.